मांबलमला गेलेली खुर्ची

चेन्नईहून परत आल्यापासून भेटेल तो समुद्राबद्दल विचारतो. मी समुद्र पाहिला नाही. देवळंही पाहिली नाहीत. तिथल्या चार दिवसांतला बराचसा वेळ मी दोन घरांत आणि एका ओसरीवर काढला, आणि पाहिली म्हणावी अशी वस्तू एकच, ती म्हणजे एक खुर्ची. तरी हे लिहितो आहे, कारण तोंडी सांगताना माझं दर वेळी मध्येच कुठेतरी अडतं. लिहिताना अडलं तर वाट पाहता येते.

सोमवार, अण्णा नगर

माझी थोरली बहीण, ताई, चेन्नईत एकतीस वर्षं राहिली. बँकेतली नोकरी, लग्न केलेलं नाही, अण्णा नगरात दुसऱ्या मजल्यावर भाड्याच्या दोन खोल्या. गेल्या पावसाळ्यात ती दोन दिवसांच्या आजारात गेली, तेव्हा सांगलीत माझा पाय प्लास्टरमध्ये होता. माझा मुलगा निखिल बंगळुरूहून धावला, सगळं त्यानेच केलं. मी फोनवर होतो. अग्नी दिला तेव्हा फोनवर, तेराव्यालाही फोनवर. आता सात महिन्यांनी पाय चालता झाला म्हणून घर रिकामं करून मालकांच्या ताब्यात द्यायला मी निघालो होतो. परतीची गाडी शुक्रवारी सकाळची होती.

सेंट्रलवरून मेट्रोने अण्णा नगरला उतरलो तेव्हा आठ वाजले होते आणि ऊन आपल्याकडच्या अकरासारखं होतं. प्रत्येक दारापुढे तांदळाच्या पिठाची रांगोळी. आपण रांगोळी उंबऱ्याच्या कडेला काढतो आणि मुलांना ओरडतो, पाय देऊ नका. इथे ती वाटेच्या बरोबर मध्ये असते. ताईच्या शेजारच्या दारातली ओलांडताना माझ्या काठीचं टोक एका कमळाच्या पाकळीत रुतलं. मी ओशाळून उभा राहिलो.

“असूं द्या,” दारातून आवाज आला. “तुडवायलाच असतें तें. मुंग्या खातील, माणसं चालतील. तुम्ही सुमनक्काचे तंबी नव्हे?”

सुमनक्का म्हणजे आमची ताई, तंबी म्हणजे धाकटा भाऊ. बोलणाऱ्या बाई म्हणजे ताईच्या शेजारीण अंबुजाबाई, सत्तरीच्या पुढच्या. तंजावरकडचं जुनं मराठी घर, किती पिढ्यांपूर्वी इकडे आले ते त्यांनाही सांगता येत नाही. त्यांची नातवंडं आजीशी तमिळ बोलतात, आपसांत इंग्रजी. मी आयुष्यभर कॉलेजात ग्रंथपाल होतो, मोडीवरून उतरवलेले कागद पुष्कळ हाताळले. त्या कागदांतली मराठी तमिळ हेल काढून कॉफी घेणार का म्हणून विचारते आहे, असं मला त्या दिवशी झालं.

ताईच्या बैठकीच्या खोलीत एक अख्खी भिंत पुस्तकांची आहे, जमिनीपासून छतापर्यंत. मी खालपासून खोक्यांत भरायला लागलो. दुपारपर्यंत सगळ्यात वरचा कप्पा तेवढा राहिला. हात पोचेना. घरात ना स्टूल, ना शिडी. अंबुजाबाई जेवायला बोलवायला आल्या तेव्हा त्यांच्याकडे स्टूल मागितलं.

“मजकडे नाहीं. सुमनक्काही कधी मागितली नाहीं. तिची ती खुर्ची होती की. पालथी केली, झाल्या पायऱ्या.”

मी हातातली पुस्तकं खाली ठेवली. “कसली खुर्ची?”

“काळी. पाठीवर राघू कोरलेले. एन्नोरला कोणाचा जुना बंगला पाडला, तिथून आणलेली. तंबीसाठी ठेवलीय म्हणत होती. तो आला की त्यास वर चढवीन आणि पंख्याची धूळ पुसून घेईन.”

इथे मला थोडं मागे जायला हवं. मी चौदा वर्षांचा असताना गावच्या वाचनालयात एका विलायती कंपनीचं जुनं सचित्र सूचीपत्र होतं. त्यात एक खुर्ची होती. एका चित्रात साधी हातांची खुर्ची, शेजारच्या चित्रात तीच कोलांटी मारून पुस्तकांच्या कपाटासाठी पायऱ्या झालेली. मी ते पान पाहायला रोज जात असे. असली खुर्ची ज्याच्याकडे आहे तो माणूस देवाकडे आणखी काय मागणार, असं मी ताईला म्हणालो होतो. तिने ते पुढे पंचेचाळीस वर्षं पुरवून वापरलं. माझं लग्न ठरलं, नोकरी लागली, घर बांधलं, प्रत्येक वेळी तिचं पत्र किंवा फोन, “हे सगळं ठीक आहे रे, पण आली का तुझी खुर्ची?” आणि गेल्या वर्षी होळीच्या सुमाराला तिने फोन केला होता, “तुझ्यासाठी एक वस्तू आणून ठेवलीय. फोनवर सांगायची नाही. तू ये.” मी येतो म्हणालो. मग पाय मोडला.

“ती कुठे आहे आता?” मी विचारलं.

अंबुजाबाई माझ्याकडे पाहत राहिल्या. “अय्यो, तंबी. तुम्हींच दान दिल्हें नव्हे?”

तेव्हा आठवलं. बाराव्या दिवशी निखिलचा फोन. बाबा, उद्या दानात आसन लागतं म्हणतात, आत्याची वेताची खुर्ची देऊ? मी म्हणालो होतो, ती नको, तिच्या रोजच्या बसण्याची आहे, ती राहू दे, दुसरी एखादी जुनी असेल तर बघ. तो म्हणाला, एक काळी आहे, मोडकीच असावी, मधोमध बिजागऱ्या दिसतात. मी म्हणालो, मग तीच दे.

अंबुजाबाईंच्या घरी केळीच्या पानावर डांगर होतं. आमच्याकडे डांगरात कच्चा कांदा घालतात, त्यांचं दह्यात कालवलेलं, वर मोहरीची फोडणी. दोन्ही उडदाच्या पिठाचंच. एरवी मी त्याची कृती लिहून घेतली असती. त्या दिवशी मी एवढंच विचारलं, “दान कोणी घेतलं?”

“कृष्णाचार. आमचेच वाध्यार.” वाध्यार म्हणजे भटजी. “मांबलमला असतात.” मग ताक वाढता वाढता त्या हळूच म्हणाल्या, “पण तंबी, दिलेलं मागूं नये. तेंही तेराव्याचं.”

मंगळवार, पश्चिम मांबलम

मागायचं नाही, फक्त पाहायची, असं स्वतःला बजावत मी गेलो. अण्णा नगरहून मेट्रोने अशोक नगर, तिथून रिक्षा. पश्चिम मांबलमच्या त्या गल्लीत एका ओळीत पूजेच्या सामानाची दुकानं, दर्भाच्या जुड्या, पळसाच्या समिधा, आणि मोटारसायकलवरून मागच्या सीटला तांब्याची घागर बांधून भरधाव जाणारे सोवळ्यातले लोक. आमच्याकडे भटजी मिळवायला आठ दिवस आधी मिनतवारी करावी लागते. इथे गल्लीच त्यांची होती.

कृष्णाचार घरी नव्हते. त्यांची पत्नी दारात आली. नऊवारीसारखंच नेसलेलं, पण निऱ्या वेगळ्या बाजूला. तिथे सगळे त्यांना पद्मा मामी म्हणतात. मी ताईचं नाव सांगितलं तेव्हा त्यांनी मला ओसरीवर बसवलं आणि पितळी पेल्यातून कॉफी आणली. पेला ओठाला लावायचा नसतो, वरून ओतून प्यायची असते. माझी निम्मी सदऱ्यावर सांडली.

ओसरीच्या टोकाला जिन्याखाली सामान रचलेलं होतं. काळ्या छत्र्या, किती ते मोजता आलं नाही. चपलांचे नवे जोड. गुंडाळलेल्या गाद्या, पितळेचे तांबे, कंदील. लांबच्या प्रवासाला निघालेल्या मोठ्या मंडळींचं सामान फलाटावर पडावं तसं. मग लक्षात आलं की ते तसंच होतं. गेलेल्याला वाटेत ऊन लागू नये म्हणून छत्री, पाय पोळू नयेत म्हणून चपला. जे इथे द्यायचं ते तिकडे पोचतं. आणि त्या गाद्यांच्या मागे दोन राघू दिसत होते.

शिसवाचं लाकूड, काळं आणि मध्ये मध्ये तांबूस. पाठीच्या माथ्यावर समोरासमोर बसलेले दोन पोपट, चोचीत एकाच वेलीची दोन टोकं. हाताच्या कडांना हत्तीच्या सोंडेसारखा बाक. बाजूला बोटभर पितळी आकडा. सूचीपत्रातली खुर्ची साधी होती. ही तीच, पण कुणा मद्रासी कारागिराने आपल्या मनाने सजवलेली.

“जवळून बघू?” मी विचारलं.

“कशास? उद्या जातेय ती.” मामी म्हणाल्या. “जुनं सामान घेणारा यायचा आहे दहा वाजतां. घरांत घेऊं दिली नाहीं मी. कोणा कोणाच्या बसण्यावर कोण बसणार? आज मंगळवार म्हणून राहिली. मंगळवारीं, शुक्रवारीं आमच्याकडून कांही बाहेर जात नाहीं.”

“त्याला देणारच असाल तर...”

“तर तुम्हांस द्यावी?” त्या हसल्या नाहीत. “त्यास दिली तर गेली. तुम्हांस दिली तर परत फिरली. मेल्या माणसाचं दान परत फिरलं तर तें कोणाच्या अंगावर जाईल? तुमच्या, की आमच्या?”

मी विचारलं, कृष्णाचार कधी भेटतील. सकाळी पूजा नऊला आटोपते, त्यानंतर, असं त्या म्हणाल्या. मी कपबशी उचलून ठेवावी तसा पेला आत नेऊन ठेवायला गेलो, तर त्यांनी तो माझ्या हातातून जवळजवळ हिसकावला. पाहुण्याने पेला उचलायचा नसतो, की तेराव्याचं दान दिलेल्या घरच्याने, ते मला अजून ठाऊक नाही.

अण्णा नगरच्या घरी रिकाम्या कपाटासमोर बसलो. दहा वाजता म्हणजे दहा वाजता येतात का इथले लोक?

बुधवार, पुन्हा मांबलम

आठला निघालो. मेट्रोऐवजी सरळ रिक्षा केली, वेळ वाचेल म्हणून. रिक्षावाल्याने गप्पा मारत मारत मला मांबलम स्टेशनच्या चुकीच्या बाजूला सोडलं. रेल्वेमार्गाच्या अलीकडे साड्यांची दुकानं, पलीकडे पश्चिम मांबलम. मध्ये एक भुयारी रस्ता, त्यात भाजीच्या हातगाड्या, मोगऱ्याच्या पाट्या आणि समोरून येणारं सगळं शहर. काठी टेकायलाही जागा नव्हती. पलीकडे निघालो तेव्हा साडेनऊ झाले होते आणि मोडलेला पाय थरथरत होता.

आतून घंटा ऐकू येत होती. पूजा चालू होती. मामींनी मला पाहिलं. मी ओसरीवर बसलो. खुर्ची जिन्याखालून काढून दाराशी आणून ठेवली होती, पुसलेली. माझ्यापासून चार हातांवर. आतली घंटा थांबे, पुन्हा सुरू होई. पावणेदहा. दहाला पाच कमी असताना गल्लीत तीनचाकी टेम्पो आला, आणि खाकी चड्डीतला एक आडवा माणूस उतरून थेट खुर्चीजवळ गेला. त्याने ती एका हाताने उचलून हलवली. बिजागऱ्या खडखडल्या. तो तमिळमध्ये काहीतरी म्हणाला आणि हवेत हात करवतीसारखा मागेपुढे केला.

“काय म्हणतो?” मी मामींना विचारलं.

“मोडकी आहे म्हणतो. राघूंची पाठ कापून घेईल, आरशाला लावायला.”

मी उठलो. काय करणार होतो ते ठाऊक नाही. काठी मी खुर्चीच्या हातावर ठेवली एवढं आठवतं. तो माणूस माझ्याकडे पाहायला लागला.

“ए! ए! ठेव ती खालीं!”

कृष्णाचार ओल्या पंच्यातच बाहेर आले होते. काटकुळे, साठीचे, कपाळावर ओलं गंध. त्यांनी खुर्ची त्या माणसाच्या हातातून काढून घेतली आणि तमिळमध्ये त्याला दोन गाद्या आणि पाच छत्र्या दाखवल्या. तो कुरकुरत त्या घेऊन गेला.

“ही कशास ठेवलीत?” मामींनी कमरेवर हात ठेवले.

कृष्णाचारांनी खाली पाहिलं. “वरच्या माळ्यावर पोथ्या आहेत नव्हे.”

“आहेत. मग?”

“मग काय. हिला पायऱ्या आहेत.”

“तुम्हांस कसें ठाऊक?”

मामींचा आवाज चढला. “मी दुपारीं निजलें की तुम्ही हिच्यावर चढतां? सात महिने? गुडघे धरून रडतां तेव्हां तेल कोण लावतो?”

“पोथ्यांना वाळवी लागली असती, पद्मा.”

“वाळवी परवडली!”

मग ते माझ्याकडे वळले. मी नाव सांगायच्या आधीच त्यांनी मला ओळखलं. “तुम्ही परत मागायला आलांत.”

“नाही,” मी म्हणालो. “बघायला.”

“काठी टाकून अडवलंत त्यास. बघायला?”

आणि इथे मी एक चूक केली. मी म्हणालो, की मी तिची जी योग्य असेल ती किंमत द्यायला तयार आहे. त्यांचा चेहरा आक्रसला. मामी आत निघून गेल्या. त्या भुयारी रस्त्यात परत जावं आणि तिथेच राहावं असं मला वाटलं. घेतलेलं दान देणाऱ्यालाच विकणारा माणूस, असं मी त्यांना त्यांच्याच दारात म्हटलं होतं.

मग मी खरं ते सांगितलं. सूचीपत्र, ताईचे टोमणे, तिचा फोन, माझा पाय, निखिलचा फोन. तिच्या कपाटाचा वरचा कप्पा, जिथे ती या खुर्चीवरून हात पोचवत असे. मध्येच अडलं. ते थांबले. पुढचं सांगितलं.

त्यांनी खुर्चीचा आकडा काढला, पुन्हा लावला.

“संकल्प मीच सांगितला होता,” ते शेवटी म्हणाले. “मुलगा म्हणाला माझ्यामागून. काय म्हटलं आम्ही? आसन. छत्री, पादत्राण, आसन. पायऱ्या कुठें म्हटल्या?”

“म्हणजे?”

“म्हणजे आसन मज दिलंत, तें माझं. पायऱ्या दिल्याच नाहींत. त्या तुमच्या. मी सात महिने दुसऱ्याच्या पायऱ्या वापरल्या.”

“आणा करवत,” मामी आतून म्हणाल्या. “त्यास परत बोलवा.”

“पद्मा, गप्प.” पण ते किंचित हसले होते. मग गंभीर झाले. “ऐका. आज घेऊन जा. उद्या दिवस मावळायच्या आत यायचं. ठेवायची नसेल तर हीच आणा, आसन-पायऱ्या सगळं समजून, तोंडाने म्हणून द्या, मी पुन्हा हात पुढें करतो. ठेवायची असेल तर आसनाच्या जागीं आसन आणा. मज चालेल असं. परवा शुक्रवार, परवा या घरांत देणं-घेणं नाहीं.”

“आणि तुमच्या बहिणीचं वापरलेलं दुसरं नको,” मामी दारात आल्या. “ती वेताची खुर्ची-बिर्ची आणाल. नवीन असेल तरच उंबरा चढेल.”

“तुम्हाला चालेल असं, म्हणजे काय?” मी विचारलं.

“तें मज ठाऊक असतं,” कृष्णाचार म्हणाले, “तर आत्तांच सांगितलं असतं.”

खुर्ची रिक्षात माझ्या मांडीवर आडवी घालून मी अण्णा नगरला आणली. दर सिग्नलला एक राघू शेजारच्या स्कूटरवाल्याच्या कोपराला लागत होता.

दुपारी अंबुजाबाई दारात येऊन उभ्या राहिल्या, आत आल्या नाहीत. मी कपाटासमोर खुर्ची ठेवली, आकडा काढला, पाठ दोन्ही हातांनी धरून पुढे ओणवी केली. सूचीपत्रात हे दोन चित्रांत झालेलं होतं. मधलं कधी पाहिलं नव्हतं. खुर्ची बसकणीखाली दुभंगली, अर्धी खुर्ची कोलांटी मारून पुढे गेली, राघूंचा माथा फरशीला टेकला, आणि बसकणीच्या पोटात लपलेल्या फळ्या उलगडून चार पायऱ्या समोर आल्या. प्रत्येकीवर विटक्या हिरव्या बनाती कापडाचा तुकडा. दुसऱ्या पायरीवरची बनात मध्यभागी झिजलेली होती. तिच्यावर किती वर्षं कोणकोण उभं राहिलं असेल.

“हळू, तंबी,” अंबुजाबाई म्हणाल्या.

पहिली पायरी चढलो. शिसवी लाकूड कुरकुरत नाही, ते नुसतं वजन घेतं. दुसरी. मोडका पाय वर घेताना मी कपाटाची कड इतकी घट्ट धरली की बोटं पांढरी झाली. तिसरीवर थांबलो. खाली पाहिलं नाही. चौथीवर पोचल्यावर वळलो आणि बसलो, कारण उतरण्याचं धैर्य नव्हतं.

वरच्या कप्प्यात विशेष काही नव्हतं. बँकेच्या परीक्षांची पुस्तकं, दक्षिण रेल्वेची जुनी वेळापत्रकं, एक तमिळ बाराखडी. मी एक वेळापत्रक उघडलं. खिडकीतून खालच्या गल्लीतलं कडुलिंबाचं झाड वरून दिसत होतं, म्हणजे झाडाचा तो भाग जो चालणाऱ्याला दिसत नाही. दुसऱ्या मजल्यावरचं आणि त्यात चार पायऱ्या. एका बंद पडलेल्या पॅसेंजरची सगळी स्टेशनं मी क्रमाने वाचून काढली. लाकडाला उन्हाने तापल्यावर एक गोडसर वास येतो. कडेला बोट फिरवलं तर कारागिराची पटाशी जिथे किंचित घसरली होती तिथे एक खाच लागली. त्याने ती तशीच सोडून वेलीचं पान केलं होतं. दिवे लागणीपर्यंत मी वर बसून होतो. मधून अंबुजाबाई कॉफी घेऊन आल्या आणि पेला वर माझ्या हातात देताना म्हणाल्या, “आमच्या घरीं लग्नांत नवऱ्यास असें उंच बसवतात.”

“किती वेळ?”

“सासरा कंटाळेपर्यंत.”

गुरुवार, शेवटचा दिवस

परत द्यावी, असं सकाळी उठल्याबरोबर वाटलं. समजून-उमजून दान द्यायची संधी किती जणांना मिळते? शिवाय त्या माणसाच्या पोथ्या. त्यांनी सात महिने लपून चढून त्या वाळवीपासून वाचवल्या होत्या. मी खुर्ची मिटवून दाराशी आणून ठेवली. मग तिच्यावर बसलो. मग उठून पुन्हा उघडली. चांगुलपणा सुचला नाही असं नाही. सुचला, आणि मी तो केला नाही. ताईने ती माझ्यासाठी आणली होती, आणि मला ती हवी होती. एवढंच खरं कारण आहे.

पण आसनाच्या जागी कोणतं आसन? दुपारी बारापासून मी मांबलमच्या दुकानांतून हिंडलो. पाट पाहिले, चौरंग पाहिले, शिसवी म्हणून विकायला ठेवलेली रंगवलेली खुर्ची पाहिली. कशासमोर उभा राहिलो तरी कृष्णाचार त्याच्यावर बसलेले दिसत नव्हते. ते वर चढताना दिसत होते. चार वाजले. इथे फेब्रुवारीत सूर्य सहा-सव्वासहाला जातो. नेलेलं आसन पसंत नाही पडलं तर अण्णा नगरला जाऊन खुर्ची घेऊन यायला दीड तास लागणार होता. साडेचारला मी एका हार्डवेअरच्या दुकानात शिरलो.

ओसरीवर मी ती वस्तू टेकवली तेव्हा मामी दारात होत्या. अॅल्युमिनियमची घरगुती शिडी, दोन बाजूंनी उघडणारी, कागदाच्या पट्ट्यांत गुंडाळलेली. मी घामाने भिजलो होतो.

“नवीन?” मामींनी विचारलं.

“थेट दुकानातून.”

“कोणी चढलं नाहीं?”

“कोणी नाही.”

त्यांनी पट्टीचा कागद सोलून बोटाने शिडी घासली, बोट पाहिलं, आणि आत गेल्या. तो होकार होता की नकार, कळलं नाही.

कृष्णाचार बाहेर आले. शिडीभोवती एक फेरी मारली. “ही शिडी आहे,” ते म्हणाले.

“हो.”

“मी आसन म्हटलं होतं.”

“वर फळी आहे,” मी म्हणालो. “बसण्यापुरती.”

गल्लीतली सावली समोरच्या घराच्या पत्र्यापर्यंत चढली होती. मी मनात रिक्षाचा वेळ मोजत होतो. कृष्णाचारांनी पंचा खोचला, शिडी उघडली, एक एक पाऊल जुळवत वर गेले आणि वरच्या फळीवर मांडी घालायचा प्रयत्न केला. मांडी मावली नाही. मग पाय खाली सोडून बसले. त्यांचं डोकं ओसरीच्या वाशांना लागत होतं.

“पद्मा,” त्यांनी हाक मारली, “पळीपंचपात्र आण. तीळ आण.”

“बसतां येतं?” मामी आतून.

“टोचतं. पण येतं.”

शिडीवर तुळशीचं पान ठेवलं ते दोनदा घसरलं, तिसऱ्यांदा मामींनी ते पायरीच्या खाचेत बसवलं. कृष्णाचारांनी संकल्प सांगितला, मी त्यांच्यामागून म्हणत गेलो. या वेळी त्यांनी सगळं म्हटलं. आसन म्हटलं, आणि थांबून, माझ्याकडे पाहून, पायऱ्याही म्हटल्या. मग ताईचं नाव आलं. ते म्हणताना माझ्या ओंजळीतलं पाणी सांडलं. त्यांनी पळीने पुन्हा घातलं आणि नाव पुन्हा म्हणायला लावलं. सगळं पाणी अॅल्युमिनियमवरून क्षणात ओघळून फरशीवर गेलं.

सूर्य अजून होता. कृष्णाचारांनी लगेच शिडी आत नेली, माळ्याखाली लावली आणि मला धरायला सांगितली. मामी दारातून “पंखा! आधीं पंखा बंद करा!” म्हणून ओरडत होत्या. ते वर गेले, माळ्यात खांद्यापर्यंत शिरले आणि तांबड्या फडक्यातली एक पोथी काढून माझ्या डोक्यावर झटकली.

“खुर्चीस चारच पायऱ्या होत्या,” ते वरून म्हणाले. “हिला सहा आहेत. तुमच्या बहिणीचा तिकडे कितीही वरच्या कप्प्याला हात पोचेल.”

मी दोन्ही हातांनी शिडी धरून, पायरीला कपाळ टेकून खाली उभा होतो.

“नीट धरलीत नव्हे?” ते म्हणाले. “हालतेय.”

शिडीचे चारही पाय फरशीवर घट्ट टेकलेले होते.

“धरलीय,” मी म्हणालो.